मावशीच्या तळहातावरचा नंबर

माझी थोरली मावशी एकतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती. आजारी आजी, बंद पडलेली बस, अचानक ठरलेलं बहिणीचं लग्न, सगळ्या थापा ऐकून मुरलेली. कोणी गोड बोललं की इथे पाणी मुरतंय, हे तिचं ठरलेलंच. आम्ही भाचरं वाढदिवसाला फोन करायचो, तरी ती आधी विचारायची, काम काय आहे?

माझ्या आईचं ऑपरेशन दुपारी चारला होतं. ताई आल्याशिवाय मी आत जाणार नाही, असं आईने डॉक्टरांना बजावलेलं. मावशी सकाळच्याच गाडीने निघाली.

समोरच्या बाकावर एक मिशीवाला आणि त्याची बायको. बायकोने संत्रं सोलून पुढे केलं, तर मावशीचं पोट लगेच भरलं. मग तिने विचारलं, कुठे उतरणार? परक्या बाईला खरं कशाला सांगायचं? मावशीने चार स्टेशनं आधीचं नाव ठोकून दिलं. आम्हीही तिथेच, बाई खूश होऊन म्हणाली. मावशीने पर्स पदराखाली घेतली आणि नुसते डोळे मिटून जागं राहायचं ठरवलं. ठरवलं, एवढंच.

"काकू, उठा, तुमचं स्टेशन आलं." बाई खांदा हलवत होती. मिशीवाल्याने बॅग केव्हाच फलाटावर नेली होती, दारातल्या दोघांनी वाट करून दिली होती, एकाने तर चपला पुढे सरकवल्या. एवढ्या लोकांसमोर, मी खोटं बोलले, असं म्हणायला जीभ रेटेना. मावशी मुकाट उतरली. गाडी सुटली. पुढची थेट संध्याकाळी सहाला, आणि स्टेशनाबाहेर एक टॅक्सी नाही.

नवराबायको मात्र हलेनात. तुम्हाला न्यायला कोणी येईपर्यंत थांबतो म्हणाले. सावज हेरलंय मेल्यांनी, मावशीला वाटलं. पण घड्याळात दीड वाजत आला, तसा तिचा धीर सुटला.

"मी खोटं बोलले. मला इथे उतरायचंच नव्हतं," ती म्हणाली, आणि बहिणीचं सगळं सांगून टाकलं.

मिशीवाला हसला नाही. बॅग उचलून म्हणाला, "चला, बाहेर आमची गाडी आहे. दोन तासांत पोचवतो."

चपलेचा पट्टा लावायच्या निमित्ताने मावशी त्यांच्या पांढऱ्या गाडीमागे वाकली आणि तळहातावर पेनाने नंबर लिहून घेतला. वाटेत त्यांचं पाणीसुद्धा घेतलं नाही. प्रत्येक पाटी वाचत राहिली.

साडेतीनला हॉस्पिटलचं दार दिसलं, तशी ती मागे वळूनही न बघता आत धावली. आईने तिचा हात धरला तो ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत सोडला नाही.

सगळं नीट झाल्याचं डॉक्टर सांगून गेले, तेव्हा मावशीने मूठ उघडली. पहिले दोन आकडे तेवढे शिल्लक होते, बाकी घामाने फिसकटलेली निळी शाई.

"साधं नावही विचारलं नाही गं मी. हा नंबरसुद्धा पोलिसांत द्यायला लिहिला होता," ती म्हणाली, आणि मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

हल्ली रस्त्यात पांढरी गाडी दिसली की मावशी थांबून, वाकून नंबर वाचते. शेजारपाजारचे म्हणतात, बाईचा संशयी स्वभाव काही जात नाही.