खदानीतला उतार

वर्षश्राद्ध आटोपलं आणि माझ्याकडची सबब संपली. वर्षभर मी मुलीला सांगत आले होते की घरातलं माणूस गेल्यावर वर्षाच्या आत लांबचा प्रवास करू नये. मंगलकार्य करत नाहीत हे तिलाही माहीत होतं. प्रवासाचं मी माझ्या मनानं त्यात घातलं होतं. तिनं ते कुठे लिहिलंय असं एकदाही विचारलं नाही. ती थांबली.

तिला तिच्या बाबांच्या मोटरसायकलवरून मनालीच्या पलीकडे स्पितीला जायचं होतं. ती गाडी डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांसाठीच बनवलेली. उंच, रुंद टाकीची, सव्वादोनशे किलोंच्या घरातली. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना तिच्या बाबांनी ती घेतली होती. ते या गाडीवर पुढे आणि मुलगी तिच्या लहान गाडीवर मागे, असं दोघांचं ठरलेलं होतं. मला सोबत चल असं दोघंही म्हणाले नव्हते आणि मला त्याचं वाईटही वाटलं नव्हतं. मी घरी बसून नकाशा बघणार होते. गाडी आल्यावर आठ महिन्यांनी त्यांचं दुखणं निघालं.

मुलगी हिंगण्याच्या एका कारखान्यात डिझाइनचं काम करते. आठ वर्षं झाली, रोज मोटरसायकलनं जाते. वर्षभरात बाबांची गाडीही तिनं हाताखाली आणली होती. रविवारी पहाटे वर्धा रोडला ती घेऊन जायची. तो जड आवाज फाटकातून बाहेर पडला की मी हातातलं पुस्तक मिटून ठेवायची आणि तो परत येईपर्यंत उघडायची नाही.

श्राद्धानंतर चौथ्या दिवशी जेवताना तिनं विचारलं, "आता जूनमध्ये जाऊ?"

"आधी शिकून घे," मी म्हटलं. "कच्च्या रस्त्यावर चालवण्याचं वेगळं प्रशिक्षण असतं."

"मीच म्हणणार होते. निवड मात्र तू कर."

"मला काय कळतं त्यातलं?"

"तू वाचशील. चार वह्या भरशील. मला कंटाळा येतो." ती हसली. "आपल्या घरात निवडायचं खातं तुझ्याकडे आहे."

ते खरं होतं. मी तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. घरातलं वॉशिंग मशीन, मुलीचं कॉलेज, विम्याची पॉलिसी, सगळं मीच वाचून, तुलना करून ठरवलेलं. तिच्या बाबांच्या वेळी धंतोलीतल्या पाच दवाखान्यांची माहिती मी काढली होती आणि त्यातला एक निवडला होता. तिथे ते एकोणीस दिवस होते. त्या निवडीबद्दल मुलगी मला आजवर एका शब्दानं बोललेली नाही. पुढचीही निवड तिनं माझ्याच हातात दिली, याची मला त्या दिवशी भीती वाटायला हवी होती.

मी पंधरा दिवस वाचलं. एक प्रशिक्षण पुण्याच्या पलीकडे होतं. चार दिवस राहून शिकायचं, गाड्या त्यांच्याच, सुरुवात लहान गाडीवर, सहा जणांमागे एक शिकवणारा, मैदानाशी रुग्णवाहिका उभी. दुसरं एका रिसॉर्टच्या मागच्या शेतात, दोन दिवसांचं, त्यात जेवणाचे आणि प्रमाणपत्राचे फोटोच जास्त. तिसरं इथलंच. काटोल रोडच्या पुढे एका बंद पडलेल्या दगडखदानीत एक गृहस्थ एकट्यानं शिकवत. त्यांची जाहिरात नव्हती. त्यांच्याकडे शिकलेल्यांनी लिहिलेलं इकडेतिकडे सापडत होतं. एकानं लिहिलं होतं, घोटा मोडला पण शिकलो. दुसऱ्यानं लिहिलं होतं, उतारावरून खाली पाहिलं आणि गाडी विकून टाकली.

हे दुसरं वाक्य मी दोनदा वाचलं.

मुलीला न सांगता मी तिकडे गेले. मार्चचा पहिला आठवडा, सकाळचे दहा, आणि तरी खदानीत उन्हानं डोळे मिटत होते. तीन बाजूंना उभा कापलेला काळा दगड. चौथ्या बाजूनं मुरमाचा उतार खाली जात होता. खाली एखादा ट्रक मावेल एवढी सपाट पट्टी आणि लगेच पाणी. हिरवं, हलत नसलेलं. वरून एखादा पक्षीही जात नव्हता.

ते गृहस्थ साठीच्या आतबाहेरचे, बारीक, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरलेला. पूर्वी कोळशाच्या खाणीत डंपर चालवत होते. मुलीला शिकायचंय असं मी त्यांना सांगितलं.

"खोल आहे का?" मी पाण्याकडे बघून विचारलं.

"मोजलं नाई कोणी. एक डंपर हाय आत. पंप बंद पडला, पाणी भरलं, राहून गेला. मोठा होता, पण दिसत नाई." मग त्यांनी विचारलं, "पोरीनं कच्च्यात चालवली काय कधी?"

"का?"

"नसन चालवली तर पहिले चार रविवार वरच्या सपाटीवर. उभं राहाले शिकवतो, गोल फिरवतो, ब्रेक माराले शिकवतो. रोडवरची सवय मोडा लागते मॅडम, हाताची सवय. उतार पाचव्या रविवारी. घाई केली का हाडं मोडतात. दोघांनी केली, दोघांची मोडली."

माणूस चांगला होता. त्याची पद्धत बरोबर होती. चार रविवारांत माझी मुलगी पक्की झाली असती आणि जूनमध्ये निघाली असती.

"चालवली आहे," मी म्हटलं. "बाबांबरोबर. दोनदा, पेंचकडच्या कच्च्या रस्त्यांवर."

"मोठ्या गाडीवर?"

"हो."

"मंग ठीक हाय. मंग पहिल्याच दिवशी उतार दाखवतो तिले."

तिला दुखापत व्हावी असं माझ्या मनात नव्हतं. तिनं वर उभं राहावं, तो उतार आणि ते पाणी बघावं, घाबरावं आणि गाडी वळवावी, इतकंच मी ठरवलं होतं. ती नाही म्हणेल, मी तिला घरी आणीन, स्वयंपाक करीन. रस्त्यात बसमध्ये बसून मी संध्याकाळचा बेतही ठरवला.

घरी आल्यावर मी सांगितलं, "हे जवळ आहे, माणूस अनुभवी आहे."

"ठरलं मग," ती म्हणाली. तिनं काहीच विचारलं नाही. मी निवडलं म्हणजे तपासलं असणार.

रविवारी मुलगी बाबांच्या गाडीवर पुढे आणि मी टॅक्सीनं मागोमाग गेले. त्या गृहस्थांनी आधी ती गाडी मुद्दाम आडवी पाडली आणि म्हणाले, "उचल." मुलीनं सीटला पाठ लावली, पाय रोवले, पहिल्यांदा नाही उचलली, दुसऱ्यांदा उचलली. मग त्यांनी तिला सपाटीवर दहाबारा फेऱ्या मारायला लावल्या. मी दगडाच्या सावलीत बसले होते.

"हापिसात जाऊन राहिली काय वं?" ते ओरडले. "सीटवर बसून कोणी दगडावर जाते काय? उभी राय."

"उभी राहून गेले तर सिग्नलवर लोक फोटो काढतील, काका."

"काढू दे. फ्रेम करून लाव."

ती मोठ्यानं हसली. वर्षभरात मी ते हसणं ऐकलं नव्हतं. तेव्हाच मी उठायला हवं होतं.

अर्ध्या तासानं त्यांनी तिला थांबवलं. "तुह्या आईनं सांगतलं, बापासंग पेंचकडं चालवली म्हणून. मंग सपाटीवर टाइम नाई घालवत. चाल खाली."

मुलीनं हेल्मेटची काच वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याची बाटली उघडत होते. ती उघडायला मी बराच वेळ घेतला.

"हो," ती त्यांना म्हणाली. "थोडीशी."

ते उतार पायी चढून-उतरून तिला दाखवत होते, कुठून जायचं, कुठे मुरूम सुटा आहे. त्याला दहा मिनिटं तरी लागली असतील. माझ्यात आणि त्यांच्यात पन्नास पावलांचं अंतर होतं. मी मनात म्हणत होते, आता ती घाबरेल. आता ती वळेल. तिनं दोन वेळा खाली पाण्याकडे पाहिलं. तिचे खांदे वर आलेले मला दिसले. मग तिनं गाडी चालू केली.

ते खाली पट्टीवर जाऊन उभे राहिले. "पहिला गियर. क्लच सोडून दे. पुढचा ब्रेक विसरून जा. समजलं न?"

"समजलं."

अर्ध्या उतारापर्यंत ती सरळ आली. मग मागचं चाक जरासं सरकलं आणि तिच्या उजव्या हातानं आठ वर्षं हिंगण्याच्या रस्त्यावर जे केलं तेच केलं. पुढचं चाक अडकलं, गाडी डावीकडे पडली आणि पडलेलीच खाली घसरू लागली.

"सोड," ते ओरडले. "गाडी सोड वं."

तिनं सोडली नाही. हँडल दोन्ही हातांनी धरून ती गाडीबरोबर खाली ओढली जात होती. मुरमाचा आवाज येत होता, दळणासारखा. मी उभी होते की बसलेली, मला आठवत नाही. गाडीची बाजूची लोखंडी दांडी पट्टीवरच्या मातीत रुतली आणि ती थांबली. पुढचं चाक पाण्यापासून हातभर दूर होतं. इंजिन बंद पडलं. वरून सुटलेले खडे एकेक करून पाण्यात पडत राहिले.

मी तो उतार बसून, हातांनी सरकत उतरले. त्यांनी तिला गाडीखालून काढून बसवलं होतं. तिचा डावा हात मांडीवर होता आणि मनगट चुकीच्या जागी वाकलेलं दिसत होतं.

"काहून नाई सोडली?" ते तिला विचारत होते. आवाज चढलेला नव्हता.

"बाबांची आहे," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कच्च्यात पहिल्यांदाच आली न हे, मॅडम?"

"हो," मी म्हटलं. मुलगी तिथेच बसलेली होती.

ते खाली वाकून तिच्या हाताला लाकडाची पट्टी बांधत राहिले. बांधून झाल्यावर म्हणाले, "गाडी मी टेम्पोनं पोचवतो. पोरीले घेऊन जा. पुढच्या रविवारी येऊ नका."

धंतोलीत आम्ही गेलो. या वेळी दवाखाना मी निवडला नाही, टॅक्सीवाल्यानं पहिला दिसला तिथे थांबवलं. मनगटाची दोन हाडं मोडली होती, सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टरांनी कसं झालं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझीच चूक. पुढचा ब्रेक दाबला."

तिसऱ्या दिवशी वरणभात कालवताना म्हणाली, "मला वाटलं तू त्यांच्यापुढे माझी बढाई मारलीस. तू कधी मारत नाहीस. मला बरं वाटलं, म्हणून मी हो म्हटलं."

"बढाई नव्हती ती."

"मग काय होतं?"

मी सगळं सांगितलं. पुण्याकडच्या प्रशिक्षणाचं, घोट्याचं, विकलेल्या गाडीचं, चार रविवारांचं. तू घाबरावीस म्हणून, असंही सांगितलं. तिनं कालवणं थांबवलं नव्हतं.

"मी घाबरत नाही असं तुला कोणी सांगितलं?" ती म्हणाली. "कंपनी सुटल्यावर ट्रकांच्या मधून येते, रोज भीती वाटते. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

मी तिला तूप वाढलं. तिनं ताट सरकवलं नाही, पण नंतर ते तूप तसंच बाजूला राहिलेलं दिसलं.

प्लास्टर निघालं. मेच्या मधल्या आठवड्यात तिनं एक पिशवी भरली, चार दिवसांची रजा काढली आणि सांगितलं की शिकायला जाते आहे. मी विचारलं, कुठे? "बघितलंय मी एक," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. ती परत आली तेव्हा चेहरा उन्हानं काळवंडलेला होता आणि गुडघ्यावर खरचटलेलं होतं. मी जेवायला वाढलं. तिनं प्रवास कसा झाला ते सांगितलं, डब्यातल्या एका म्हातारीचं सांगितलं. शिकण्याचं काही सांगितलं नाही. हेल्मेट नवं आणलं तेही मला न विचारता. गाडीचा वाकलेला लिव्हर आणि टाकीचा पोचा तिनं कुठेतरी दुरुस्त करून घेतला. माझ्याकडचं खातं तिनं न भांडता काढून घेतलं.

जूनच्या पहिल्या रविवारी ती निघाली. जाण्याआधी वाकून नमस्कार केला. "हळू जा," असं मी म्हटलं. ती म्हणाली, "हो." फाटकाबाहेर गेल्यावर ती गाडीवर उभी राहिली नाही, बसूनच गेली, त्यामुळे ती काय शिकली ते मला तेवढ्यावरूनही कळलं नाही.

ती रोज संध्याकाळी फोन करते. मी जे विचारते त्याचं उत्तर देते. जेवलीस का, जेवले. पाऊस आहे का, नाही. त्या रस्त्यांबद्दल मी वाचायला घेतलं होतं, एका पानावर उतारांचं वर्णन होतं, ते बंद करून ठेवलं. तिला उतार उतरता येतो की नाही हे जगात कोणाला तरी माहीत असेल. मला माहीत नाही. मनालीहून तिनं सांगितलं की आता पुढे दोन दिवस फोन लागणार नाही, काळजी करू नको.

आज तिसरा दिवस आहे. मी सकाळपासून हे लिहीत बसले आहे आणि फोन वहीशेजारी उताणा ठेवला आहे.