सायकलीमागची करडी गाडी

आमच्या थोरल्या जाऊबाईंना गल्लीत सगळे फौजदारीण म्हणायचे, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. कपडे शिवणाऱ्या बाईला फौजदारीण का म्हणायचं, तर त्यांचं दुकान अगदी वळणावर आहे. तिथे प्रत्येक गाडीला वेग कमी करावाच लागतो, आणि वेग कमी झाला की काही लोकांचे हात शिवशिवतात. काच खाली, पिशवी बाहेर, काच वर. मशीनवर बसल्या बसल्या जाऊबाईंना हे सगळं नंबरप्लेटसकट दिसतं.

आधी त्या नुसत्या शिव्या घालायच्या. मग एकदा दुकानाबाहेर अडकवलेल्या पांढऱ्याशुभ्र झग्यावर धावत्या गाडीतून कॉफीचा पेला येऊन आपटला. झगा गिऱ्हाइकाला संध्याकाळीच हवा होता. जाऊबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच दिवशी त्यांनी नगरपालिकेचं तक्रारीचं अ‍ॅप फोनवर घेतलं. आपण फोटो पाठवायचा, गाडीवाल्याला त्याच फोटोसकट दंडाची नोटीस जाते. तक्रार कुणी केली ते मात्र कुणाला सांगत नाहीत.

मी त्यांच्याकडे काजं-बटणं करते, त्यामुळे त्यांचा हा उद्योग माझ्या डोळ्यांदेखत चालायचा. बाही जोडता जोडता एक हात फोनकडे जायचा. "सापडला मेला!" असं म्हणून त्या अशा खुलायच्या की पुढचा तासभर मशीन नुसतं पळायचं. भावजी, म्हणजे त्यांचे यजमान, शिवलेले कपडे सायकलवरून घरोघर पोचवतात. काटक, सतत काहीतरी गुणगुणणारा आणि कानाने जवळजवळ ठार बहिरा माणूस. ते म्हणायचे, "अगं, लोकांच्या वाकड्यात कशाला शिरतेस?" त्यावर जाऊबाई ओरडून सांगायच्या, "नाव गुप्त असतं हो! तुम्ही तुमची सायकल हाका."

नाव गुप्तच होतं, घोळ वेगळाच झाला होता. फोटो त्या नेहमी मशीनवरूनच, समोरच्या काचेतून काढायच्या. त्या काचेवर बाहेरच्या बाजूने दुकानाचं नाव रंगवलेलं होतं. प्रत्येक फोटोत ते कोपऱ्यात उलटं उमटत होतं. इतकी वर्षं ती काच आतून बघून बघून आम्हाला ती अक्षरं दिसेनाशीच झाली होती.

मग एक करडी गाडी वळणावर थांबू लागली. काच खाली यायची, एक हात बाहेर यायचा, रिकामा. थोडा वेळ तसाच लोंबत राहायचा. मग आत जायचा आणि गाडी निघून जायची. "टाक ना मेल्या, टाक काहीतरी," जाऊबाई फोन धरून पुटपुटायच्या. त्याने कधीच काही टाकलं नाही. मला ते अजिबात आवडत नव्हतं, आणि मी तसं बोललेही. "तू ना, भित्री भागूबाई आहेस," एवढंच उत्तर मिळालं.

एका दुपारी त्या गाडीतला माणूस पँट घेऊन आत आला. पन्नाशीचा, नीटनेटका, बोलायला मऊ. "ताई, जरा लांब होतेय. आखूड करून द्याल?" पडद्यामागे जाऊन तो ती घालून आला. जाऊबाई खाली गुडघ्यांवर बसल्या, टाचण्या तोंडात धरल्या आणि पायाशी कापड दुमडू लागल्या. तो वरून, गप्पा माराव्यात तसं बोलू लागला.

"तुमच्या दुकानाचं नाव मला नोटिशीतल्या फोटोत सापडलं. उलटं होतं, पण आरशासमोर धरलं की नीट वाचता येतं."

जाऊबाईंचे हात थांबले. तोंडात टाचण्या, बोलणार कशा?

"घरपोच देता ना? भाऊ पुलावरून येतात-जातात, तेव्हा पुष्कळदा मी मागेच असतो. बिचाऱ्यांना हॉर्न अजिबात ऐकू येत नाही हो. मी अगदी चाकाजवळ जाऊन वाजवून पाहिला."

पँट बदलून, घडी करून त्याने ती घरच्या पत्त्याच्या चिठ्ठीसकट मशीनवर ठेवली आणि गेला. जाऊबाईंनी एकेक टाचणी तोंडातून काढली. एका टाचणीला रक्त लागलं होतं.

आम्ही दोघी पोलीस चौकीत गेलो. हवालदार भला होता, त्याने सगळं ऐकून घेतलं. "पण बाई, त्याने केलं काय? पँट आखूड करायला दिली. त्याची तक्रार कशी लिहून घेऊ?" परत आल्यावर जाऊबाईंनी अ‍ॅप काढून टाकलं आणि ब्लेडने काचेवरची अक्षरं खरवडली. पँट त्या स्वतः त्याच्या घरी देऊन आल्या. त्याने हसून आभार मानले म्हणे. पुढे ती गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

मग एकदा जेवताना भावजी म्हणाले, "जगात चांगली माणसं आहेत हं अजून. पुलावर एक करडी गाडी असते. माझ्या मागे अगदी हळूहळू येते, पलीकडे पोचेपर्यंत. इतरांचा धक्का लागू नये म्हणून येत असणार."

जाऊबाईंचा घास हातातच राहिला. मी ओरडून विचारलं, "आजही होती?"

"आज? रोजच असते की!"

तेव्हा जाऊबाईंनी त्यांना सगळं सांगितलं, शब्दही गाळला नाही. भावजींनी शांतपणे ऐकलं आणि मान हलवली. "तुला ना, गाडी दिसली की त्यात गुन्हेगारच दिसतो. भला माणूस आहे तो. मला हात करतो." पुलावरून जाऊ नका म्हटलं, तर म्हणाले, "मग काय, घरात बसून काजं करू?" पलीकडे जायला दुसरा रस्ता नाही आणि आमची निम्मी गिऱ्हाइकं पलीकडेच आहेत. बहिऱ्या माणसाशी भांडताना आपलाच घसा बसतो. जाऊबाईंचा दोन दिवस बसला होता.

आता त्या दुपारी मशीन बंद करतात आणि भावजींच्या सायकलवर, मागच्या कॅरिअरवर बसतात. उलट्या बसतात. पाठ भावजींच्या पाठीला, कपड्यांचं गाठोडं मांडीवर, तोंड मागे. फोन नेत नाहीत, दोन्ही हातांनी कॅरिअर घट्ट धरायचं असतं. म्हातारपणी बायकोला प्रेमाचं भरतं आलंय असं वाटून भावजी खूश आहेत, पहिल्यापेक्षा मोठ्याने गुणगुणतात. गल्लीतले लोक हसतात. ती दोघं वळणापलीकडे जातात, आणि थोड्या वेळाने करडी गाडी माझ्या समोरून त्याच दिशेने जाते, अगदी सावकाश. ती दोघं परत येईपर्यंत माझ्याच्याने सुईत दोरा ओवला जात नाही.