बाटल्यांतल्या केळी

जिथे बोलण्याची मनाई असते, तिथले किस्से फार लवकर साठतात. माझी विद्यार्थिनी सविता हिने कोल्हारजवळ केळीच्या रोपांची प्रयोगशाळा काढली आहे. तिथल्या आतल्या खोलीत मास्क बांधून, चकार शब्द न काढता काम करावे लागते; त्यामुळे चहाच्या सुट्टीत सगळ्या जणी एकदम बोलू लागतात! निवृत्तीनंतर मी तिथली नोंदवही सांभाळते आणि त्या चहाला न चुकता हजर असते.

निरोगी केळीच्या कोंबाचा बारीक तुकडा बाटलीतल्या खाद्यावर वाढवायचा आणि त्यातून शेकडो रोपे तयार करायची, हे ते टिश्यू कल्चर. "रोप निरोगी असले की फवारणी कमी होते, आणि माल एकदम तयार झाला की आपला शेतकरी मोठ्या बाजारात टिकतो," असे सविता प्रत्येकाला सांगते. पण गेल्या वर्षी बुरशीने अर्ध्याहून अधिक बाटल्या नासवल्या. या वर्षी ती आम्हाला एकदाच म्हणाली, "बाई, हा लॉट गेला तर मी लॅबला कुलूप लावणार. मग माझी समजूत घालू नका."

तेव्हापासून कोणालाच चैन नव्हते.

*

आतल्या खोलीला दोन दारे आहेत. पहिले बंद झाल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, हा नियम. लॅबमध्ये कामाला असलेल्या कमलमावशींचे माहेर शनिशिंगणापूरचे. त्या दोन्ही दारे सताड उघडी टाकून आत जात!

सविता चिडली. मावशी शांतपणे म्हणाल्या, "ताई, आमच्याकडं दार लावलं की शेजाऱ्यावर इश्वास न्हाई असं हुतंय."

"मावशी, इथे शेजारी म्हणजे बुरशी आहे!"

"मंग हे पैल्या दिशीच सांगायचं न्हाई का?"

*

अण्णासाहेब हे आमचे पहिले गिऱ्हाईक. त्यांनी शेत तयार करून, ठिबकच्या नळ्याही अंथरून ठेवल्या होत्या. रोपे पाहायला आले आणि काचेतून बोटभर हिरवे कोंब पाहून हबकलेच.

"ही केळ हाय का कोथमीर?"

सविताने समजावले, "अण्णा, एकाच आईची लेकरं आहेत ही. सगळी अगदी सारखी वाढणार."

"काय सांगता! आमी सहा भाऊ एका आईचे. दोघांचं बी एकमेकाशी पटत न्हाई!"

*

बुरशी लागलेली बाटली तत्काळ बाहेर काढावी लागते. एकदा नोंदीत एक बाटली कमी भरली. मी दोनदा मोजले, तिसऱ्यांदा मोजले. माझी नोंद चुकत नाही. शेवटी ती बाटली सापडली चहाच्या खोलीत, कमलमावशींच्या डब्यामागे!

"मावशी, हिच्यापायी बाकीच्या सगळ्या जातील!" सविता म्हणाली.

"व्हय, कळतंय मला. पर एक पान हिरवं हाय तिचं."

सविताने बाटली उचलली आणि तरातरा बाहेर गेली. परत आली ती रिकाम्या हातांनी, आणि थेट उरलेल्या बाटल्या तपासायला बसली.

*

सर्वांत मोठा गोंधळ खंडेनवमीला झाला. अवजारांची पूजा करायचा दिवस. सविता श्रीरामपूरला गेली होती. कमलमावशींनी आतल्या खोलीतल्या यंत्राला हळदकुंकू वाहायचे ठरवले. त्या यंत्रातून गाळलेली स्वच्छ हवा सतत माणसाच्या दिशेने वाहत असते. चिमूटभर हळदकुंकू वाहिले मात्र, सगळे उलटे तोंडावर! सविता परतली, तेव्हा मावशी लाल, भिंत पिवळी, आणि त्याच यंत्रावर काम करणारी, ताट धरून उभी असलेली मार्था दोन्ही रंगांची!

"मार्था, तू चर्चला जाणारी. तू कशाला यात पडलीस?"

"ताई, मिशीन दोघींचं हाय ना!"

हसायला कोणाला सवड नव्हती. खोली तीन वेळा धुतली. आतल्या बाटल्यांची झाकणे घट्ट होती, तरी बुरशी दिसायला आठवडा लागतो. त्या आठवड्यात सविता तासातासाला बॅटरी घेऊन बाटल्या न्याहाळत होती. "पाहिल्याने बुरशी थांबत नाही," असे मी तिला बजावत असे. आणि ती जेवायला बसली की स्वतः जाऊन पाहून येत असे.

आठवा दिवस उजाडला. बाटल्या स्वच्छ होत्या.

*

पुढे रोपे बाटल्यांतून मातीत आली आणि शेडनेटच्या जाळीखाली हळूहळू उन्हाला सरावली. मग एका सकाळी अण्णासाहेब टेम्पो घेऊन आले. सोबत त्यांच्या पत्नीही होत्या. त्यांनी सविताला पाटावर बसवले आणि खण, नारळ, तांदळांनी तिची ओटी भरली.

"काकू, हे कशाला?"

"पोरी न्यायला आलोय. रिकाम्या हातानं यायचं व्हय?"

सविता अण्णासाहेबांना एकेक गोष्ट सांगू लागली: दुपारचे ऊन लागू देऊ नका, आज लगेच लावू नका, मुळाशी पाणी साचू देऊ नका. तेच तिने काकूंना सांगितले. तेच ड्रायव्हरलाही सांगितले! टेम्पो वळणाआड गेला, तरी ती फाटकातच उभी.

मार्थाने ताट वाढले, ते तसेच राहिले. कमलमावशींनी चहा दिला, तो निवला. शेडनेट रिकामे पडले होते आणि सविता त्यात उगाच फेऱ्या मारत होती. चार वाजले, पाच वाजले.

साडेपाचला मोबाईल वाजला. सविताच्या हातांना माती होती. तिने तो मलाच घ्यायला सांगितले. मी स्पीकर चालू केला. पलीकडे काकू होत्या.

"सविता, पोरी पोचल्या गं. पानी पिऊन सावलीत बसल्यात. आता तू जेव."