हलामी साहेबांची निष्पक्षता

वारलू इसरू हलामी हे त्यांच्या गावातून न्यायाधीश झालेले पहिले गृहस्थ. दुसरे अजून झालेले नाहीत, आणि पहिल्याचा अनुभव पाहता गावाला त्याची फारशी घाईही दिसत नाही.

गाव आरमोरी तालुक्यात, वैनगंगेच्या पलीकडे. आधी आश्रमशाळा, मग गडचिरोलीचं वसतिगृह, मग नागपुरात वकिलीची पदवी. न्यायाधीशाची परीक्षा पास झाल्याचं कळलं तेव्हा गावात ढोल वाजले. वडील इसरू हलामी त्या दिवशी धानाच्या बांधावर होते. कोणीतरी धावत सांगायला गेलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे हा आता एकटाच निकाल देईन? बाकीचे काय करतीन?"

हा प्रश्न त्या वेळी सगळ्यांना विनोदी वाटला.

नोकरी कोकणात सुरू झाली आणि बदल्यांच्या क्रमाने मराठवाड्यातून फिरत राहिली. स्वतःच्या जिल्ह्यात न्यायाधीशाला नेमत नाहीत. नात्यागोत्याचा मोह पडू नये म्हणून. पहिल्याच वर्षी चहाच्या वेळी एक सहकारी मोठ्या प्रेमाने म्हणाला, "हलामी, तुमचं बरं आहे हो, तुमच्यासाठी जागा राखूनच ठेवलेल्या." सगळे हसले. हलामीही हसले. मात्र त्या दिवसापासून त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली. वारलू हलामीने आपल्या माणसाला सोडलं, असं कोणालाही कधी म्हणता येऊ नये.

ते कोणालाही म्हणता आलं नाही. मोहाची दारू, सरपणाची मोळी, असल्या प्रकरणांत इतर न्यायाधीश आरोपीला कोर्ट उठेपर्यंत बाकावर बसवून ठेवत आणि संध्याकाळी घरी जा म्हणत. हलामी आत पाठवत. आरोपी जंगलातला असेल तर हमखास. गोंडी येत असून कोर्टात ते दुभाष्या लावत. वरिष्ठांच्या शेऱ्यांत 'अत्यंत निष्पक्ष' हे शब्द दर वर्षी येत राहिले.

पन्नाशी ओलांडल्यावर त्यांची बदली सत्र न्यायाधीश म्हणून नदीच्या अलीकडच्या जिल्ह्यात झाली. जंगल तेच, माणसं तीच, देवही तेच. पण जिल्हा वेगळा. नियमाच्या दृष्टीने वैनगंगा पुरेशी रुंद होती. याच सुमारास उच्च न्यायालयासाठी त्यांच्या नावाची चर्चा सुरू झाली. वकिलांच्या खोलीत लोक त्यांना आगाऊच 'न्यायमूर्ती' म्हणू लागले. ते नको नको म्हणत, पण थांबवत नसत.

आणि चैतू पेंदामचं प्रकरण त्यांच्यासमोर आलं.

नागभीडकडच्या एका जंगलगावात धान लोंबीवर आलं होतं आणि रानडुकरं रोज बांध उकरत होती. चैतूचा मुलगा बिरजू याने विजेच्या खांबावरून तार घेतली आणि शेताच्या धुऱ्याभोवती फिरवली. डुकराऐवजी शेजारचा दसरू तिला चिकटला. जागीच गेला. मागे बायको कमळा आणि दोन लहान पोरं.

गाव बसलं. तार बिरजूची हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या गावांतल्या बैठकीत पोराचं कृत्य पोराचं नसतं, घराचं असतं. घरातला सगळ्यात मोठा उठून उभा राहतो आणि 'मी केलं' म्हणतो. चैतू उठला, म्हणाला. ठरलं ते असं: कमळाची पोरं हाताशी येईपर्यंत तिचं वावर चैतूच्या घराने नांगरायचं, रोवायचं, कापायचं. मग एका पंगतीत सगळे जेवले. बापाशेजारी बिरजू बसला. कमळाने दोघांना वाढलं. त्या जेवणाबरोबर गोष्ट संपली.

ती संपल्याचं पोलिसांना कोणी कळवलं नाही. ते आले आणि तार कोणाची म्हणून विचारलं. चैतू म्हणाला, "माही." इतका सरळ तपास त्या ठाण्याने बऱ्याच दिवसांत केला नव्हता.

सदोष मनुष्यवधाचा आरोप वाचून झाला. पिंजऱ्याच्या दोन पायऱ्या चढायला चैतूला दोन्ही हातांनी कठडा धरावा लागला होता.

"आरोप समजला का?" दुभाष्याने विचारलं.

"हाव जी."

"कबूल आहे?"

"हाव. तार मीच लावली."

त्याला सरकारतर्फे मिळालेली तरुण वकील उठून म्हणाली, "सर, मी यांना नको म्हणून सांगितलं होतं." चैतूने तिच्याकडे मायेने पाहिलं. पोरगी अजून नवीन होती.

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. कबुली घेतलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. ती नाकारून खटला चालवता येतो. आणि पायरीही धड चढू न शकणारा हा म्हातारा विजेच्या खांबावर चढला नव्हता, हे त्यांना दिसत होतं. त्याहून वाईट म्हणजे तो असं का बोलतोय हेही त्यांना कळत होतं. ते शाळेत असताना मोह वेचायला झाडाखालचा पाला त्यांनी पेटवला होता. आग पसरली, शेजाऱ्याच्या तणसाचा ढीग जळाला, आणि बैठकीत इसरू उभे राहिले होते.

नोकरीत पहिल्यांदाच साहेब भर कोर्टात गोंडी बोलले. "बाबा, खरं सांग. खांबावर तू चढला?"

म्हाताऱ्याचं तोंड उजळलं. "अरे, तू आपला पोट्टा होय का! कोणाच्या घरचा?"

"इसरू हलामीच्या."

"इसरूचा! बैलबाजारात भेटते ना तो मले. जोहार सांगजो." मग आवाज उतरवून, "मंग तुले त ठाऊकच आहे. काऊन विचारून राह्यला?"

"बिरजूनं लावली ना?"

"घरानं लावली. घरात मोठा मी. बिरजूले आत टाकशीन त कमळाचं वावर कोण नांगरन, तू?"

सरकारी वकील अतुल निमजे यांनी मोबाइलमधून मान वर काढली. "सर, माफ करा, रेकॉर्डसाठी विचारतो. काय बोलणं झालं?"

दुभाष्या तोंड उघडणार तोच साहेबांनी त्याला हाताने थांबवलं. मग लघुलेखकाला सांगितलं, "आरोपीला पुन्हा विचारण्यात आले. कबुली स्वेच्छेने असल्याची खात्री झाली."

न्यायाधीशाला स्वतःजवळची माहिती निकालात वापरता येत नाही. जे कागदावर आहे तेवढंच. हा नियम चांगला आहे आणि हलामी साहेबांनी तो आयुष्यभर पाळला होता.

अजून एक वाट होती, आणि ती पूर्ण कायदेशीर होती. या गुन्ह्याला किमान शिक्षा नाही. म्हातारा सहा महिने आतच होता, तेवढं पुरे म्हणता आलं असतं. कोर्टात मागे बसलेली कमळा उठून तेच म्हणाली.

"साहेब, मी दसरूची बायको होय. आमी जेवलो यायच्यासंग. झालं ते झालं. आता तुमी काऊन नव्यानं सुरू करून राह्यले?"

"बाई, खाली बसा," निमजे म्हणाले. "हा तुमच्या दोघांचा व्यवहार नाही, सरकारचा आहे."

"सरकारचा कोण मेला जी?" कमळाने विचारलं.

ते नोंदीत आलं नाही.

साहेब निकाल लिहायला चेंबरमध्ये गेले. शिक्षा कमी दिली तर उद्या वकिलांच्या खोलीत काय बोलतील, हे त्यांना पाठ होतं. परत आले आणि सात वर्षं सक्तमजुरी दिली. समाजात योग्य संदेश जाण्यावर निकालपत्रात एक सुरेख परिच्छेद आहे.

चैतूने विचारलं, "झालं?" झालं म्हणून सांगितल्यावर त्याने खुर्चीकडे पाहून जोहार केला आणि कठडा धरून उतरला.

पुढे उच्च न्यायालयाची नावं आली. त्यांत हलामी नव्हते. एक निनावी तक्रार गेली होती असं म्हणतात: न्यायाधीश महाराज आरोपीशी भर कोर्टात अगम्य भाषेत खाजगी बोलले. खुलासा मागवला गेला, त्यांनी दिला, तो समाधानकारकही ठरला. तोवर नावं पुढे गेली होती. निमजे त्यांना पुन्हा 'साहेब' म्हणू लागले.

दुसऱ्या वर्षी चैतू तापाने तुरुंगातच वारला. मातीला बिरजूने आणला. गाव पुन्हा बसलं. वारलू हलामीचं नाव कोणी काढलं नाही. नदीपलीकडून बसने नागभीडला उतरून, पुढे काठी टेकत इसरू हलामी तिथे पोचले आणि उभे राहिले.

"चैतूले मी जेलात धाडलं."

"तू काऊन, इसरूभाऊ?" एक जण म्हणाला. "तुहा पोट्टा आता सरकारचा झाला."

"झाला असन. घर त माहंच आहे ना."

 बिरजूवर आपलं आणि कमळाचं अशी दोन वावरं आणि म्हाताऱ्या आईच्या शेळ्याही होत्या. ठरलं की शेळ्या इसरूच्या घराने चारायच्या. इसरू तिथेच राहिले, बिरजूच्या पडवीत. पंगत मात्र झाली नाही. ज्याच्या हातून घडलं तोही पानावर बसल्याशिवाय ती होत नाही.

साहेबांची बहीण सोमारी हिने फोन केला. साहेब तेव्हा खानदेशात होते.

"बाबाले घरी घेऊन जा, मी गाडी पाठवतो," साहेब म्हणाले.

"गाडीत नाई बसत तो. तू ये. एक दिवस ये, पानावर बस, चार घास खा. मंग सोडतीन त्याले."

"सोमारी, मीच शिक्षा दिली त्या माणसाला. त्याच्या घरी मला जेवता येत नाही. आमच्यात ते बसत नाही."

"तुमच्यात म्हणजे कोणात रे दादा?"

साहेब म्हणाले, निवृत्तीनंतर पाहू.

निवृत्तीला अजून अवकाश आहे. इसरू ऐंशीच्या पुढे गेलेत, डोळ्यांना कमी दिसतं, त्यामुळे शेळ्या फार लांब नेत नाहीत. शेळ्या यंदा पुन्हा व्याल्या. कमळा दुपारी इसरूंना भाकर नेऊन देते. ते ती बांधावर एकटेच बसून खातात, कारण पंगत झाल्याशिवाय त्या गावात त्यांना कोणाबरोबर बसता येत नाही.