टू, आयएनजी आणि माझे कोंडलेले रविवार

वडीगोद्रीत माझं खता-औषधांचं दुकान आहे. फवारणीच्या बाटलीवरचं बारीक इंग्रजी मी चष्मा कपाळावर चढवून, जरा आवाज लावून वाचतो. 'शेक वेल बिफोर यूज' हे मी अशा काही थाटात म्हणतो, की समोरचा माणूस आपोआप सावरून उभा राहतो. एवढ्या भांडवलावर आमच्या भागात माणूस 'सर' होतो. मी झालो, आणि खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं.

मग बायकोनं मला अडकवलं. ती अंगणवाडी सेविका. मुख्यसेविकेच्या परीक्षेला बसायची वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी होती, आणि पेपरात इंग्रजी व्याकरण होतं. सेविकांच्या मासिक बैठकीत तिनं सांगून टाकलं, "आमच्या घरातच सर हायत." पुढच्या रविवारी सकाळी शहागडपासून तीर्थपुरीपर्यंतच्या सहाजणी दारात हजर. मी बनियनवर.

तेव्हाच पळता आलं असतं. पण आमच्याकडं कामाला सुरुवात होण्याआधीच सत्कार करायची पद्धत आहे. शाल, नारळ, फेटा, फोटो. फोटो दुपारच्या आत सगळ्या गावांच्या ग्रुपवर फिरला. फेटा बांधलेल्या माणसाला 'मला येत नाही' म्हणायची सोय राहत नाही. त्यात माझी खुर्ची खोलीच्या कोपऱ्यात, समोर सतरंजीवर बायको धरून सातजणी, आणि दार त्यांच्या पलीकडं.

"सर," शहागडच्या बाई म्हणाल्या, "वाँटच्या पुढं टू येतं अन् एन्जॉयच्या पुढं आयएनजी. आसं का? कुठं काय लावायचं ह्याच्यातच माझे मार्क जाऊन राह्यले."

मला तरी कुठं माहीत होतं? मी डोळे मिटले, एक बोट वर केलं आणि त्या क्षणी सुचलेला नियम खर्जात सांगितला.

"ताई, जे अजून व्हायचंय त्याला टू. जे चालू आहे किंवा होऊन गेलं, त्याला आयएनजी. जायचं बाकी आहे, म्हणून वाँट टू गो. गाणं चालू आहे, म्हणून एन्जॉय सिंगिंग."

आणि नियम बराबर बसत गेला! होप, प्लॅन, डिसाइड सगळे टूच्या बाजूला. फिनिश आयएनजीच्या बाजूला. टाळ्या पडल्या. मला वाटलं, हे इंग्रजांनाही कळवावं.

"मंग अव्हॉइडचं काय?" तीर्थपुरीच्या बाईंनी विचारलं. "जे टाळलं ते तर झालंच न्हाई. तरी त्याला आयएनजी?"

"टाळायचं काम चालूच असतं की, ताई. आपला रस्ता बघा. किती वर्षं टाळून राह्यलेत."

हशा उसळला आणि मी वाचलो. पण हशा ओसरताच बायकोनं विचारलं, "अन् सजेस्ट?"

"सल्ला पुढच्या कामाचा असतो. टू!"

सातही वह्यांत ते लाल शाईनं उतरलं.

असे कितीतरी रविवार गेले. एकदा मी दुकानात गिऱ्हाईक आलंय म्हणून उठलो. बायको म्हणाली, "तुम्ही बसा, मी बघते." बघून आली. गिऱ्हाईक नव्हतं. मी पुन्हा बोट वर केलं.

परीक्षा दहा दिवसांवर आली तेव्हा मी अंबडहून चोरून एक गाइड आणलं. सजेस्टच्या पुढं आयएनजी! घरी बायको भाकरी थापताना ओठांत काही पुटपुटत होती, आणि मला त्यातला प्रत्येक शब्द सजेस्टच ऐकू येत होता. तिची शेवटची संधी, आणि वहीत माझ्या बाता! तीन दिवस मी जेवणसुद्धा खाली मान घालून केलं. चौथ्या दिवशी चुलीपुढं बसून सगळं कबूल केलं.

"अगं, मी तुम्हाला चुकीचं शिकवलं."

"माहितीय मला," तिनं भाकरी उलटली. "दुसऱ्या रविवारपासून. आम्ही घरी जाऊन गाइड बघतो. तुमचं चुकलं की मी ग्रुपवर दुरुस्ती टाकते. तुम्ही न्हाईत त्या ग्रुपात."

"मग त्या सगळ्या येतात कशाला?"

"घरात पुस्तक घेऊन बसलं तर कोण बसू देतंय, अहो? सासू म्हणती भांडी पडलीत, नवरा म्हणतो पोराला घे. सरांच्या क्लासला चालले म्हणलं की सगळे गप."

"म्हणजे मी नुसता बोर्ड?"

"बोर्डच. रविवारी जरा मोठ्यानं बोला. तीर्थपुरीवाल्या बाईंची नणंद मागच्या गल्लीत राहती."

शेवटच्या रविवारी मी दोन तास समोरच्या भिंतीला व्याकरण शिकवलं. सातजणी माना खाली घालून जुने पेपर सोडवत होत्या. पाणी प्यायला थांबलो, तर सातही माना एकदम वर. "सर, आवाज!"

बायको पास झाली. ऑर्डर आली त्या दिवशी मी दुकानात पेढे वाटले आणि मनातल्या मनात स्वतःची सुटका जाहीर केली. बाकीच्या सहाजणींना वयाची अजून सवड होती. त्या पुढच्या रविवारी नव्या वह्या घेऊन आल्या.

"ताई, आता माझं काय काम?" मी म्हणालो. "तुमची मैत्रीणच पास झालीय, तिला विचारा की."

शहागडच्या बाईंनी हात जोडले. "तिला येतं, सर, बिलकुल येतं. पण तिच्याकडं चालले म्हणलं की घरचे म्हणत्यात, गप्पा हाणायला चालली."

"बरं. मग आज काय घेऊ?"

"काहीबी बोला," त्या पेन काढत म्हणाल्या. "फक्त बाराच्या आत थांबू नका."