ओळखीचं कॉलेज

मॅट्रिकनंतर मी कुठं शिकायचं, हे आमच्या घरात रक्त सांडून ठरलं. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, हैदराबादच्या मोठ्या विद्यापीठात शिकत होता. मला रसायनाचं वेड, म्हणून त्याला मीही तिकडेच हवा होतो. अप्पांना, म्हणजे वडिलांना, मात्र मला गुलबर्ग्याच्या लहान कॉलेजात घालायचं होतं.

"तिथं चार बाटल्या अन् एक कपाट हाय, अप्पा. त्याला प्रयोगशाळा म्हणायलेत," अण्णा म्हणाला.

"असू दे. तिथं मास्तरापासून शिपायापर्यंत सगळे पोराला वळखतेत. तुझ्या हैदराबादेत दंगे व्हायलेत. याला कुणी मारून टाकलं तर सांगावा तरी कोण आणंल?"

"भित्रं करायलाव तुमी त्याला."

अप्पांनी हातातला तांब्या फेकला. अण्णाची भुवई फुटली. तो तसाच डोळ्यावर धोतराचा सोगा दाबून हैदराबादला निघून गेला आणि मी गुलबर्ग्याला. मला कुणी विचारलंच नाही. त्याचा राग मला अजून येतो.

खरं सांगायचं तर कॉलेज आवडलं. वर्गात मोजकी मुलं. फारसीचे मौलवीसाहेब चुकलं की कान पिळायचे आणि ताप आला की खोलीवर यायचे. फाटकासमोर अक्काची खानावळ होती. आमच्या भागात माणसाला आधी गाव विचारतात, नाव मागाहून. अक्का तर नावापर्यंत पोचायचीच नाही, पोराला त्याच्या गावाच्या नावानंच हाक मारायची. "ए नौबाद, ताट घे." "कोहिनूर, कामून उपाशी हिंडायलास?" मी हळ्ळीखेड. परक्या शहरात आपल्या गावाच्या नावानं कुणी जेवायला बोलावतं, याचं मला केवढं अप्रूप वाटायचं!

पुढं देश स्वतंत्र झाला, निजामाचं राज्य मात्र तसंच राहिलं आणि त्याच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. आमच्या गावच्या काही लोकांनी जकातीचा नाका जाळला. त्याचा सूड उगवायला एक टोळी गुलबर्ग्यात आली. भरदुपारी कॉलेजच्या फाटकाशी उभी राहून ती प्रत्येक पोराला गाव विचारत होती. मी घोळक्यातून मान खाली घालून निघालो. विचारलं तर बिदर सांगायचं, असं मनाशी पक्कं केलं होतं. तेवढ्यात समोरून अक्काची हाक आली.

"बारो, ये रे हळ्ळीखेड! भाकरी निवायलीय!"

मी वळलो. सवयीनं वळलो. पहिली काठी कानशिलावर बसली, दुसरी तोंडावर. दात तुटून तोंडातच राहिले. खाली पडल्यावर एकानं उजव्या हातावर धोंडा घातला. बोटं चेचल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. मौलवीसाहेब माझ्या अंगावर आडवे पडले, त्यांनीही लाथा खाल्ल्या, म्हणून मी उरलो.

दवाखान्यात अप्पा आले, अण्णाही आला. त्याच्या केसालाही धक्का लागला नव्हता. हैदराबादच्या त्या गर्दीत तो कुठल्या गावचा, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. अप्पा भिंतीवर कपाळ आपटायला लागले, तेव्हा त्यानं त्यांना मिठी मारून आवरलं.

"तूच सांग, कुठं जातूस?" अप्पांनी मला पहिल्यांदाच विचारलं.

"हैदराबाद."

या हातानं आता काचेची नळीसुद्धा धरता येणार नाही, हे मला कळत होतं. पण तिथं मला कुणी हाक मारणार नव्हतं. मला तेवढंच पाहिजे होतं.

ते दोघं बाहेर गेल्यावर अक्का आली. हातात दूधभाकरीचा काला, डोळे रडून सुजलेले.

"लेकरा, तुझं नाव काय रे?"

"आता कामून विचारायलीस?" मी ओरडलो.

"बसवण्णाम्होरं तुझ्या नावानं दिवा लावायचाय. नुसत्या गावाच्या नावानं कसा लावू?"

मी नाव सांगितलं नाही. भिंतीकडं तोंड फिरवलं. ती उठली नाही. थोड्या वेळानं तिनं घास पुढं केला. हात बांधलेला होता आणि भूक तर लागलेलीच होती. मी तोंड उघडलं.