म्हणा, रस्ता घाण आहे

मिशिगनमध्ये हॉलंड नावाचं एक शहर आहे. एकोणिसाव्या शतकात डच लोकांनी येऊन वसवलेलं. नव्वदच्या दशकात मी तिथे ऑफिसचं फर्निचर बनवणाऱ्या एका कंपनीत प्रोग्रामर होते. पुण्यात कुणाला सांगितलं की मी सध्या हॉलंडला असते, तर लोक विचारायचे, "मग अमेरिकेला कधी जाणार?"

मी एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. नवरा वारलेला, मुलं दूरच्या राज्यांत. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना 'आजी' म्हणायला लागले. त्यांनी अर्थ विचारून घेतला आणि म्हणाल्या, "चालेल. पण आजी झाले म्हणून रविवारी वॉशिंग मशीन लावू देणार नाही."

रविवारी तिथे काहीच चालत नसे. दुकानं बंद, गवत कापायचं यंत्र बंद, कपडे वाळत घालणं बंद. सगळे चर्चला जायचे, आणि प्रवचन सुरू झालं की बाकावरून पेपरमिंटच्या गोळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायच्या. हे मला आजींनी सांगितलं. मी काही चर्चला जात नव्हते; मी बौद्ध आहे म्हटल्यावर त्यांनी मला बोलवणं सोडून दिलं, पण रविवारी घरी परतल्यावर एक पेपरमिंट माझ्या जिन्याच्या पायरीवर ठेवायच्या.

रोज दहा वाजता कॉफी हा त्यांचा नेम. सुट्टीच्या दिवशी मीही असे. कॉफीबरोबर एक बिस्किट. डबा उघडायचा, समोर धरायचा, तुम्ही एक उचललं की झाकण टप्पकन बंद. आमच्या वस्तीत पाहुण्याला 'घ्या ना अजून' म्हणून छळतात. इथे दुसऱ्या बिस्किटाचा विषयच नाही. एकदा मी विचारलं, दुसरं मागितलं तर काय होईल? आजींनी खरोखर विचार केला. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "अजून कुणी मागितलेलं नाही."

मे महिन्यात मात्र हे हिशोबी शहर पार बदलून जायचं. रस्त्याच्या कडेनं मैलभर ट्युलिप फुलायचे, बाहेरगावच्या बसगाड्या यायच्या, आणि बँकेतल्या बाया लाकडी बूट घालून नाचायच्या. उत्सवाची सुरुवात रस्ता घासण्यानं होई. शहरातले शेकडो लोक जुन्या डच पोशाखात, हातात खराटे, ब्रश आणि बादल्या घेऊन मुख्य रस्त्यावर उभे राहतात. समितीचा एक मानकरी पांढरा हातमोजा घालून पुढे येतो, वाकून रस्त्यावरून बोट फिरवतो आणि जाहीर करतो की रस्ता घाण आहे, घासा. मग सगळे पाणी ओतून रस्ता घासत सुटतात. महापौर घासतो, डॉक्टर घासतो, शाळेची मुख्याध्यापिका घासते.

एप्रिलच्या एका शनिवारी आजींनी कॉफीच्या टेबलावर एक गाठोडं ठेवलं. काळा घागरा, पट्ट्यापट्ट्यांचा एप्रन, पांढरी टोपी. माझ्या मापाचं, हातानं शिवलेलं. "घड्याळ काढावं लागेल, नेलपॉलिश चालत नाही, समिती तपासते," त्या म्हणाल्या. "खराटा मी देईन. माझ्या शेजारी उभी राहा."

मी थँक्यू म्हटलं, गाठोडं वर नेलं आणि पलंगावर ठेवून त्याच्याकडे बघत बसले.

माझी आई पालिकेच्या झाडूखात्यात होती. तिची आईही. कामावर घेताना कुणी त्यांना काय येतं ते विचारलं नव्हतं. आडनाव विचारलं होतं, तेवढं पुरलं. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि रात्री चळवळीची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात पाटीवर लिहायला खडू नसायचा, पण वाचायला पत्रकं रग्गड. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. त्यातलं एक पत्रक खराट्यावर होतं. आमची पोरं यापुढे दुसऱ्यानं केलेली घाण झाडणार नाहीत, असं त्यात वडिलांनी लिहिलं होतं, आणि जयंतीच्या मिरवणुकीत मी ते स्वतःच्या हातानं वाटलं होतं. आई निवृत्त झाली त्या दिवशी तिनं मला एवढंच सांगितलं, "आता आपल्या घरात हे कुणाच्या हातात दिसायला नको."

शिकागोत माझी एक नागपूरची मैत्रीण होती, आमच्याच चळवळीतली. तिला फोन केला.

"यार, तू प्रत्येक गोष्टीचं पत्रक करतेस," ती म्हणाली. "ते लोक एन्जॉय करताहेत. कुणी जबरदस्ती करतंय का? जा, दोन तास घास, फोटो काढ, घरी पाठवून दे."

"आईला पाठवू? खराटा धरलेला?"

ती म्हणाली, "तो नको पाठवू."

"आणि ऐक," मी म्हटलं, "त्या दिवशी पहाटे पालिकेची गाडी येऊन तो रस्ता आधीच झाडून जाते. खरी झाडलोट गाडीवाला करतो, टाळ्या महापौराला. लोणच्याच्या फॅक्टरीत आणि ब्लूबेरीच्या शेतात राबणारे मेक्सिकन लोक त्या दिवशीही राबतच असतात. त्यांना कुणी टोपी शिवून देत नाही."

"हे तुझ्या म्हातारीला सांग ना मग. मला काय सांगतेस?"

ते बरोबर होतं. पुढच्या शनिवारी मी गाठोडं घेऊन खाली गेले आणि आजींना सगळं सांगितलं. जात म्हणजे काय हे इंग्रजीत सांगताना नेहमी होते तशी दमछाक झाली. आजींनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. मग त्यांनी विचारलं, "तुझी आई झाडायची तो रस्ता तपासायला कोण यायचं?"

"मुकादम."

"तो काय म्हणायचा?"

"घाण आहे, पुन्हा झाडा. रस्ता आरशासारखा असला तरी हेच. पुन्हा झाडायला लावायचा आणि स्वतः चहाला जायचा."

"हं," आजी म्हणाल्या. "म्हणजे तू नाही येणार."

गाठोड्यावरून त्यांचा हात फिरत होता. शिवण बारीक होती, आणि त्यांना जवळचं नीट दिसत नसे. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडते. "आलेच तर मुकादम म्हणून येईन," मी म्हटलं. "तो पांढरा हातमोजा मला द्या. आमच्या घरात आजवर कुणाला रस्ता घाण आहे म्हणायचा अधिकार मिळाला नाही. फक्त ऐकून घ्यायचा मिळाला."

मी हे तावातावानं बोलले होते. आजींनी ते अर्जासारखं घेतलं. उठल्या आणि समितीच्या अध्यक्षांना फोन लावला.

अध्यक्षांचं हार्डवेअरचं दुकान होतं. उत्सवाचे खराटे त्यांच्याच दुकानातून जायचे. दुसऱ्या दिवशी चर्चनंतर ते आले. कॉफी घेतली, एक बिस्किट घेतलं, आणि म्हणाले, "हे काम आजवर नेहमी पुरुषांनीच केलंय."

"नेहमी म्हणजे तुझ्या बापानं आणि तू," आजी म्हणाल्या.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "थंडीत उभं राहावं लागतं."

"ही गेला हिवाळा माझ्या वरच्या मजल्यावर राहिली आहे. हीटर मी लावते. हिला थंडीचं काय सांगतोस?"

असं ते ठरलं. अध्यक्षांनी मला अंगणात तालीम दिली. चालत जायचं, वाकायचं, बोट फिरवायचं, बोट सगळ्यांना दाखवायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, रस्ता घाण आहे.

"आणि स्वच्छ असला तर?" मी विचारलं.

"दरवर्षी घाणच असतो," ते म्हणाले.

त्या आठवड्यात आईला फोन केला. शेजारच्या काकूंकडे फोन होता. आईला बोलावून आणेपर्यंत काकू माझ्या लग्नाचं विचारून घेत. आईला मी सगळं सांगितलं. साहेब लोक रस्ता घासतात हे तिला पटेना.

"आडनाव बघून उभं करत्यात का त्यांना?"

"नाही गं. ज्याला हौस तो."

"हौस?" तिला हसू आवरेना. पलीकडे काकूंना सांगितलेलंही ऐकू आलं. "आणि तू काय करणार?"

"मी मुकादम."

आई म्हणाली, "बाई मुकादम?"

"हो."

"मंग नीट बघून बोल. आमच्या त्या मुडद्यासारखं करू नको."

उत्सवाचा दिवस उजाडला. काळा घागरा, पांढरी टोपी, चार जाड मोजे चढवून त्यावर लाकडी बूट, आणि हातात तो पांढरा हातमोजा. टोपीखाली माझा सावळा चेहरा बघून आजी म्हणाल्या, "टोपीला उठाव आला." दोन्ही बाजूंना ही गर्दी. मध्ये शेकडो लोक खराटे घेऊन उभे, पहिल्या रांगेत आजी, गुडघ्यापाशी बादली. बँड थांबला. अध्यक्षांनी मान हलवली. मी खटखट करत पुढे गेले, वाकले, विटांच्या रस्त्यावरून बोट फिरवलं.

हातमोज्याचं बोट पांढरं शुभ्र होतं.

मला ठाऊक होतं की हे नाटक आहे. गाडी येऊन गेली हेही ठाऊक होतं. पण त्या गाडीवाल्यानं रस्ता झाडला होता, आणि चांगला झाडला होता. मी उभी राहिले, तोंड उघडलं, आणि ते वाक्य काही केल्या बाहेर येईना. माझ्या आईला आयुष्यभर ऐकावं लागलेलं वाक्य होतं ते, आणि ते खोटं होतं. ते मी म्हणाले असते तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

"रस्ता स्वच्छ आहे," मी म्हटलं.

माईक होता. सगळ्या रस्त्यानं ऐकलं.

अध्यक्ष माझ्या कानाशी आले. "पुन्हा बघा. दुसरीकडे बघा."

मी दुसरीकडे बघितलं. गटाराच्या कडेलाही बघितलं. "इथेही स्वच्छ आहे."

"मग आम्ही घरी जायचं का?" खराटेवाल्यांतून कुणीतरी विचारलं. महापौरांच्या हातात भरलेली बादली होती. ती आता खाली ठेवावी की तशीच धरावी हे त्यांना कळेना. अध्यक्षांची मान कॉलरपासून लाल होत वर चढली. आजींनी एवढी मेहनत घेतली होती, माझ्यासाठी भांडल्या होत्या, आणि मी त्यांच्या शहराचा सण भर चौकात बंद पाडला होता.

तेवढ्यात आजी रांगेतून बाहेर आल्या. रस्त्याच्या कडेच्या ट्युलिपच्या वाफ्यात हात घातला, मूठभर ओली काळी माती उचलली.

"हे नियमात बसत नाही," अध्यक्ष म्हणाले. तिथे ट्युलिप तोडला तर दंड होई.

"फूल तोडायला बंदी आहे," आजी म्हणाल्या. "मातीचं कुठे लिहिलंय?" आणि माती माझ्या पायांपुढे टाकली. "बघ आता. नीट बघ."

मी वाकले. बोट काळं झालं. ते वर धरलं आणि पोटातून ओरडले, "रस्ता घाण आहे."

गर्दीचा असा आरडाओरडा त्या शहरात त्याआधी झाला असेल असं मला वाटत नाही. खराटे उचलले गेले. पण मला जोर चढला होता, माईक समोर होता, आणि वडिलांची पत्रकं अंगात भिनलेली होती. मी पुढे म्हणाले, "ज्यानं टाकलं, त्यानं उचलायचं."

म्हणाले मात्र, आणि जीभ चावली. एवढ्या म्हाताऱ्या बाईला भर चौकात असं.

"अर्थात," आजी म्हणाल्या. "नाहीतर कुणी?" एक हात माझ्या खांद्यावर टेकून त्या गुडघ्यांवर बसल्या आणि ब्रश घेऊन आपली माती घासायला लागल्या.

मी बघत राहिले. या एका 'अर्थात'साठी आमच्याकडे किती सभा झाल्या, किती मोर्चे, वडिलांनी किती रात्री जागून पत्रकं जुळवली. आणि ही बाई ते बिस्किटाच्या डब्याचं झाकण लावावं इतक्या सहज म्हणून गेली होती. मला वाद घालायला काही उरलंच नाही. त्याचं थोडं दुःखही झालं.

"उभी काय राहिलीस," त्या खालून म्हणाल्या. "पाणी ओत. मुकादमांना पाणी ओतायला मनाई आहे का?"

खराटा मी त्या दिवशीही धरला नाही. बादली धरली. आजींच्या ब्रशपुढे पाणी ओतत गेले, त्या 'हळू, हळू, माझे मोजे भिजले' म्हणत राहिल्या, आणि आमच्या पुढून महापौर घसरत गेले. फोटो निघाला तो काळं बोट वर धरलेला. आईनं तो काकूंना, काकूंच्या सुनेला आणि झाडूखात्यातल्या जुन्या मैत्रिणींना दाखवला. "नीट बघून बोलली," असं ती प्रत्येकीला सांगायची म्हणे.

पुढच्या वर्षी मी नोकरी बदलून टेक्सासला, अर्विंगला आले होते. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी आजींचा फोन आला. आवाज दमलेला, पण खुशीत.

"समितीनं ठरवलं, यंदा पहाटे गाडी फिरवायची नाही," त्या म्हणाल्या. "आठ दिवस आधीपासूनच बंद. म्हणे, हातमोजा खोटं बोलायला नको. अगं, पॉपकॉर्न, चिखल, घोड्यांची लीद, सगळं. दुपारपर्यंत घासत होतो. महापौरांची कंबर धरली आहे."

"आणि अध्यक्ष?"

"त्याचे खराटे संपले, तो खूश आहे. बाकी सगळे तुला शिव्या देताहेत."